इमिनुझरूत सूर्य दोनदा मावळतो

इमिनुझरूच्या पश्चिमेला डोंगराची उभी भिंत आहे. तांबडा दगड, आणि वर बकरीच्या दातांसारखे सुळके. त्या भिंतीमुळे आमच्या गावात सूर्य दोनदा मावळतो. पहिल्यांदा तो भिंतीमागे जातो. अंगणात सावली येते, बायका वाळत घातलेले बदाम गोळा करायला लागतात. पण आभाळ उजेडानं भरलेलंच असतं, आणि समोरच्या पूर्वेच्या टेकडीवर ऊन लख्ख पडलेलं असतं. ते ऊन टेकडीवरून हळूहळू वर सरकतं, माथ्यावरच्या एकट्या दगडावर येऊन टेकतं, आणि तिथून उडालं की दिवस खरा संपतो. बांग तेव्हा होते. या दोन मावळतींच्या मध्ये घरातल्या सगळ्यांच्या भाकरी भाजून होतात, एवढा वेळ जातो. गावातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं.

बिहीही कधीकाळी जाणत होता. पण एकोणिसाव्या वर्षी गिटार पाठीला लावून तो अगादिरला गेला, आणि पुढची पन्नासहून जास्त वर्षं त्यानं सूर्य समुद्रात बुडताना पाहिला. तिथं सूर्य पाण्यात गेला की बांग होते, मध्ये काही उरत नाही. जत्रेला तो गावी येई, पण जत्रेतला माणूस आभाळाकडे कुठं बघतो. तेव्हा ऑगस्टातल्या त्या सत्काराच्या आदल्या दिवशी त्यानं गावात फिरता फिरता सूर्य भिंतीमागे जाताना घड्याळ पाहिलं, आणि मनातल्या मनात म्हणाला, बस, एवढा वेळ काढायचा.

वेळ काढायचा होता, कारण बिहीला वाजवता येत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तो उठला, आणि डाव्या हाताची दोन बोटं, मधलं आणि त्याच्या शेजारचं, त्याची राहिली नव्हती. दुखत नव्हती, सुजली नव्हती. नुसती ऐकत नव्हती. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली एक बारीक शीर बंद पडली. बोटं परत येतील, कदाचित येणार नाहीत. बिहीनं घरी येऊन गिटार मांडीवर घेतली, तासभर तसाच बसला, आणि मग ती कपाटामागे उभी करून ठेवली. हे त्याच्या बायकोला, तुदाला, ठाऊक होतं, आणि कोणालाच नाही. तेव्हापासून चहासाठी साखरेचा सुळका तुदा फोडू लागली. आमच्याकडे साखर सुळक्यात येते. डाव्या हातानं सुळका घट्ट धरून उजव्या हातानं पितळी हातोडी मारावी लागते. पाहुणे असले की ती आधीच स्वयंपाकघरात फोडून आणी.

मग गावाच्या मंडळाचे मास्तर, अब्देलखालक, तीन वडीलधाऱ्यांना घेऊन अगादिरला आले. यंदाच्या जत्रेत दा बिहींचा सत्कार करायचा ठरलाय, म्हणाले. 'दा' म्हणजे आमच्याकडे वडील माणसाला लावायचा मान. तुम्ही आपल्या आयुष्याच्या गमती सांगाल, आणि शेवटी थोडं वाजवाल. बिही नाही म्हणू शकला नाही. नाही म्हणायला कारण लागतं. कारण सांगितलं की लोक दया करतात, आणि दया त्याला पचत नसे. ज्या माणसानं तिझनितपासून कासाब्लांकापर्यंत रॉकच्या आवाजानं भिंती हलवल्या, त्याला कोणी "बिचारा" म्हणावं, त्यापेक्षा लबाडी बरी असं त्यानं ठरवलं.

लबाडी अशी होती. त्याच्याजवळ आयुष्याच्या अकरा गोष्टी होत्या. प्रत्येक गोष्टीला हसू होतं, आणि प्रत्येक गोष्ट ताणता येई. महिनाभर त्यानं त्या स्वयंपाकघरात तुदाला सांगून पाहिल्या, घड्याळ लावून.

"आणि गोष्टी संपल्या तर?" तुदानं विचारलं.

"बांग होईल. बांग झाली की नमाज, नमाजनंतर ताटं. भरल्या पोटी कोणाला गिटार आठवते?"

तुदा समुद्राकाठच्या केळीच्या गावची. तिला वाटलं, बरोबर आहे.

सत्कार अहवाशच्या मैदानात होता. गावाच्या मधोमध ती फरसबंद जागा आहे, जिथं सणासुदीला पुरुषांची एक रांग आणि बायकांची एक रांग समोरासमोर उभी राहते, कवी एक ओळ टाकतो आणि रांगा ती उचलतात. तिथं गालिचे अंथरले होते. अख्खं गाव जमलं होतं. कासाब्लांकाचे दुकानदार, फ्रान्सहून आलेली नातवंडं, छपरांवर बायका. बिहीला गालिच्याच्या मध्यावर खुर्ची, आणि शेजारी दुसऱ्या खुर्चीवर त्याची लाल गिटार. कोपराच्या घासण्यानं तिचा रंग एका जागी उडून आतलं लाकूड दिसत होतं. मास्तरांनी ती इतक्या प्रेमानं ठेवली होती की जणू एखादी आजीच बसवली. बिही तिच्याकडे बघत नव्हता.

समोर पहिल्या रांगेत त्याचा जुना ड्रमवाला हम्मू बसला होता. त्यांच्या बॅंडचं नाव 'इगिग', म्हणजे गडगडाट. बॅंड मोडल्यावर हम्मूनं गावात मधमाश्या पाळल्या आणि अहवाशात डफ वाजवू लागला. तो पोट धरून हसायचा आणि त्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही. बिहीला खरी भीती त्याचीच होती.

पहिला घोटाळा मात्र भाषणांतच झाला. कार्यक्रमपत्रिकेवर चार भाषणं होती, म्हणजे सव्वा तास. पण मोठ्या साहेबांची गाडी घाटात पंक्चर झाली, एका वक्त्याचा घसा बसला होता, आणि तिसऱ्यानं उभं राहून फक्त एवढंच म्हटलं की दा बिहींपुढे आम्ही काय बोलायचं. मास्तर बोलले ते पाच मिनिटं. पांढरा सिलहाम, म्हणजे बाह्या नसलेला मानाचा झगा, बिहीच्या खांद्यावर पडला, टाळ्या झाल्या, आणि ध्वनिक्षेपक त्याच्या तोंडापुढे उभा राहिला. त्यानं वर पाहिलं. सूर्य भिंतीच्या वर चांगला दोन कासरे होता.

अकरा गोष्टी एका कासऱ्यापुरत्या होत्या.

त्यानं घसा खाकरला, चहा मागितला, पेला उजव्या हातात घेतला, आणि डावा हात सिलहामच्या घडीत सरकवून गिरणीच्या गोष्टीपासून सुरुवात केली.

बॅंडला पहिलं वर्ष झालं होतं, त्र्याहत्तर साल. विजेची गिटार होती आणि वीज कुठंच नव्हती. वीज फक्त पलीकडच्या खोऱ्यातल्या पिठाच्या गिरणीत होती, इंजिनाला जोडलेल्या डायनामोवर. गिरणीवाला म्हणाला, वाजवा की, पण मी इंजिन रिकामं फिरवणार नाही. दळण आहे तोवर वीज आहे. मग दवंडी पिटली गेली की ज्याला गाणं ऐकायचंय त्यानं जव घेऊन यावं. तीन गावच्या बायका पोती डोक्यावर घेऊन आल्या. गिरणी घरघरत होती, गिटार तिच्यावर ओरडत होती, आणि लोक पिठानं पांढरे होऊन नाचत होते. मधेच दळण संपत आलं. इंजिन मंदावलं, गिटारीचा आवाज म्हातारा झाला, हम्मूचा ड्रम एकटा उरला. तेव्हा एक सत्तर वर्षांची म्हातारी उठली, घरी धावत गेली, आणि पेरणीसाठी राखलेलं बियाणं घेऊन आली. तिच्या सुनेनं त्या दिवसापासून बॅंडला शिव्या घातल्या त्या मरेपर्यंत.

लोक हसून लोळले. बिहीनं गोष्ट ताणली. म्हातारीचं नाव सांगितलं, तिच्या गाढवाचं नाव सांगितलं, त्या वर्षी जव कसं झालं होतं ते सांगितलं. फ्रान्सहून आलेली एक नात उभी राहिली आणि म्हणाली, आजोबा, ते गाणं वाजवून दाखवा ना.

"गिटार म्हातारी आहे बाळा," बिही म्हणाला, "दुपारची झोपते. उठवली तर चावते."

पुन्हा हसू झालं. हम्मूही हसला, पण हसताना त्याची नजर सिलहामच्या घडीवर होती. बिहीनं हे पाहिलं, आणि हात आणखी आत सरकवला.

दुसरी गोष्ट भोंग्याची, अगादिरला जाण्याआधीची. आत्ता पहिल्या रांगेत बदाम सोलत बसलेल्या फकीह सी दाऊदांच्या वडिलांनी, तेही फकीहच, म्हणजे बांग देणारे गावचे मौलवी, मशिदीसाठी बॅटरीवरचा नवा भोंगा आणला होता. बॅंडला एका लग्नाचं आमंत्रण होतं आणि आवाज मोठा करायला काही नव्हतं. बिहीनं त्यांच्या पायाशी बसून भोंगा मागितला. पहाटेच्या आत परत, या अटीवर त्यांनी दिला. बिहीनं त्यात गिटार जोडली, आणि आतला पडदा फाटला. पण फाटलेल्या पडद्यातून जो खरखरता, चिरलेला आवाज निघाला, तो ऐकून वऱ्हाडी वेडे झाले. शहरातले वादक तो आवाज काढायला यंत्रं विकत घेतात. आम्हाला तो फुकट मिळाला, बिही म्हणाला. भोंगा वेळेत परत गेला. पहाटे पहिली बांग झाली, आणि अख्खं गाव कोणाचं लग्न आहे ते बघायला दारात आलं. मोठे फकीह रागावले नाहीत. त्यांनी भोंगा खाली उतरवला आणि म्हणाले, बेटा, तो दुरुस्त होईपर्यंत माझ्याबरोबर रोज पाच वेळा वर यायचं आणि घसा लावायचा. पन्नास दिवस लागले. बिही म्हणाला, लोक विचारतात तुमचा आवाज कुठं घडला. त्या छपरावर.

सी दाऊद मान हलवत हसले, डोळे पुसले, आणि बदाम सोलायला लागले. बिहीनं भिंतीकडे पाहिलं. दीड कासरा.

मग त्यानं अगादिरच्या हॉटेलाची गोष्ट काढली. परदेशी पाहुण्यांपुढे परदेशी गाणी वाजवायची नोकरी होती, आणि बॅंडमधल्या एकालाही त्या गाण्यांचा एक शब्द येत नव्हता. चाली मात्र पाठ होत्या. मग बिहीनं चालीवर बसच्या थांब्यांची नावं बसवली. डोळे मिटून, छातीवर हात ठेवून तो विरहाच्या सुरात तिझनित, बू-इझाकार्न, गुलिमीन असं गाई, आणि गोऱ्या बाया रुमालानं डोळे टिपत. एका रात्री बसचा एक खरा ड्रायव्हर वाढप्या भावाला भेटायला आला होता. त्यानं गाणं शेवटपर्यंत ऐकलं, आणि मागून ओरडून सांगितलं की तू मीरलेफ्तचा थांबा चुकवलास. हम्मू पहिल्या रांगेतून म्हणाला की थांबा चुकला नव्हता, गाडी तिथं थांबत नव्हती. लोक पुन्हा लोळले.

अशा गोष्टी चालल्या. चौकीवरच्या शिपायाची झाली, ज्यानं झडतीच्या नावाखाली तीन तास गिटार वाजवून घेतली आणि शेवटी वर्दीतच लग्नाला आला. तुदाच्या बापाची झाली, जो म्हणाला होता की ज्याचा धंदा बकरीच्या घंटेसारखा गळ्यात लोंबतो त्याला मी पोरगी देणार नाही. छपरावरून तुदानं ओरडून सांगितलं की बाप बरोबर होता. प्रत्येक गोष्टीनंतर लोक हसत, आणि प्रत्येक हसण्याच्या शेपटाला कोणीतरी तेच म्हणे, वाजवून दाखवा. आधी नात म्हणाली, मग कासाब्लांकाचा एक दुकानदार, मग छपरावरच्या बायका एका सुरात. बिही टोलवत राहिला. कधी तार सैल आहे, कधी नखं कापलीत. पण टोला मारताना हात कमी पडू लागला. लोक हसायचे तेव्हा त्याला बरं वाटे, आणि हसणं ओसरू लागलं की तो घाईनं पुढची गोष्ट काढी.

माणसं सलाम करायला जवळ येत, तेव्हा पेला मांडीवर ठेवून तो उजवा हात पुढे करी, मग पुन्हा पेला उचली. डावा घडीतून बाहेर आला नाही. हम्मू आता हसत नव्हता. गुडघ्यावर हनुवटी टेकून तो नुसता बघत होता.

अकरावी गोष्ट बिहीनं उंट चालवावा तशी चालवली. आणि बरोबर हिशेब साधला. गोष्टीचं शेवटचं वाक्य तोंडातून पडलं, आणि सूर्याची शेवटची कड सुळक्यामागे गेली. मैदानात सावली उतरली. बिहीच्या छातीतून एवढा मोठा श्वास सुटला की तो भोंग्यातून सगळ्यांना ऐकू गेला. त्यानं उजवा हात छातीवर ठेवला, मान झुकवली, आणि वाट पाहिली.

बांग झाली नाही.

सी दाऊद बदाम सोलत होते. त्यांना घाई नव्हती. एक बाई छपरावरून उतरून शांतपणे बदाम गोळा करायला गेली. बिहीला वाटलं, फकीह विसरले की काय. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी प्रेमानं मान हलवली. मग बिहीनं मान फिरवली, पूर्वेकडे, आणि टेकडी पाहिली. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ती उन्हानं सोनेरी झाली होती.

लहानपणी याच टेकडीकडे बघत तो शेळ्या हाकत घरी यायचा. दगडावरून ऊन उडण्याआधी शेळ्या गोठ्यात गेल्या नाहीत तर मार बसायचा. हे सगळं त्याला एका क्षणात आठवलं.

मास्तर उठले. फार आदरानं म्हणाले, "दा बिही, अजून पुष्कळ उजेड आहे. आता गिटार होऊ द्या."

कोणीतरी गिटारीची वायर जोडली. भोंग्यातून बारीक गुणगुण सुरू झाली. मास्तरांनी स्वतः गिटार उचलून त्याच्या गळ्यात घातली, आणि त्यासाठी सिलहाम मागे सारावा लागला. डावा हात उघडा पडला. बिहीनं तो गिटारीच्या मानेवर ठेवला. अंगठा आला, पहिलं बोट आलं, करंगळी आली. मधली दोन मेलेल्या चिमण्यांसारखी लोंबत राहिली.

छपरावर तुदा अर्धी उठून उभी होती. हम्मूनं शेजारच्या पोरीच्या मांडीवरचा डफ उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला, पण वाजवला नाही.

वेळ काढायला एकही गोष्ट उरली नव्हती. म्हणजे, एक उरली होती. ती त्यानं कधी कोणाला सांगितली नव्हती, तुदालाही अर्धीच.

"माझे मामा," तो म्हणाला, आणि आवाज त्याला स्वतःला अनोळखी वाटला. "रायस इद्दर. तुमच्यातल्या म्हाताऱ्यांनी ऐकलंय त्यांना."

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. रायस म्हणजे गाणाऱ्यांचा म्होरक्या. रायस इद्दर रिबाब वाजवायचे. रिबाबाला तार एकच, घोड्याच्या केसांची. धनुकलीनं ती घासायची. त्या एका तारेवर ते बाई रडवायचे आणि गाढव हसवायचे. बिहीला पहिले सूर त्यांनीच शिकवले. बिहीनं गिटार आणली तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, सहा कशाला रे, एकीचं ऐकत नाही का कोणी? तेवढंच. रागावले नाहीत.

एकोणऐंशी साली कासाब्लांकाच्या मोठ्या सभागृहात इगिगचा कार्यक्रम होता. तेव्हा बॅंडचा एक हातखंडा खेळ होता. मधेच बिही डोक्याला उंच फेटा बांधायचा, कुबड काढायचा, आणि गिटारीच्या एकाच तारेवर बोट घसरवून रिबाबासारखं कण्हायचा. गावाकडच्या म्हाताऱ्या रायसाची नक्कल. सभागृह भरून गावाकडचेच दुकानदार, शहरात नुकते टेकलेले, आपलं गाव शहराला दिसू नये म्हणून झटणारे. ते हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे. त्या दिवशीही पडले.

"तिसऱ्या रांगेत मामा बसले होते," बिही म्हणाला. "मला माहीत नव्हतं. गावाहून दोन बस बदलून आले होते. मी त्यांना पाहिलं ते नक्कल अर्ध्यावर असताना. थांबायला पाहिजे होतं. लोक हसत होते, म्हणून थांबलो नाही. आणखी वाकलो."

कार्यक्रम संपला तेव्हा खुर्ची रिकामी होती. रखवालदारानं एक बरणी आणून दिली, फडक्यात बांधलेली. आत अम्लू होतं, बदाम कुटून आर्गनच्या तेलात कालवलेलं, मामीच्या हातचं. मामांनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. बिही त्या वेळी दौऱ्यावर होता.

"बरणी मी उघडली नाही," तो म्हणाला. "तुदा म्हणते फेकून दे. ती कपाटात आहे."

पूर्वेच्या टेकडीवरून ऊन निम्म्याच्या वर चढलं होतं. बिहीनं गिटार जरा सरळ केली. पाच तारांवर उजव्या हाताचा तळवा टेकवून त्या गप्प केल्या. मग डाव्या हाताचं पहिलं बोट उरलेल्या तारेवर ठेवलं, उजव्या अंगठ्यानं ती छेडली आणि बोट घसरवलं.

आवाज कण्हला. चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी ज्यावर सभागृह हसलं होतं तोच आवाज. मागून कोणीतरी सवयीनं हसलं, आणि त्याला कोणीतरी गप्प केलं. बिहीनं बोट परत आणलं, पुन्हा सोडलं. तो मामांचा सुरुवातीचा आलाप होता, गाण्याआधीचा, ज्यात रिबाब नुसता वाट शोधतो. वर चढताना बोट निसटलं. सूर चिरला. त्याला वाटलं आता हम्मू डफानं झाकून घेईल. बॅंड होता तोवर हम्मूनं त्याच्या चुका तशाच झाकल्या होत्या. हम्मूनं झाकलं नाही. डफावर तळवा ठेवून तो थांबला. बिही पुन्हा खालून निघाला, हळू, आणि या वेळी बोट वरच्या सुरावर जाऊन टेकलं, थरथरलं, आणि राहिलं. तेव्हा कुठं डफावर पहिली थाप पडली.

बिहीनं मामांची ओळ टाकली, अर्ध्या आवाजात:

"पाण्या, वळून ये, माझी बाग खाली राहिली."

छपरावरच्या एका म्हातारीनं ती उचलली. मग तिच्या शेजारणीनं. बायका उतरल्या, खांद्याला खांदा लावून रांग झाली. पुरुष समोर उभे राहिले. ओळ या रांगेतून त्या रांगेत जाऊ लागली, आणि प्रत्येक फेरीला बिहीचं बोट तिला वाट दाखवून पुढे काढत होतं. ज्यांनी रायस इद्दरांना ऐकलं होतं ते रडत होते, आणि ज्यांनी ऐकलं नव्हतं ते पाय आपटत होते. नातीनं बिहीची ती दोन लोंबती बोटं पाहिली. सगळ्यांनीच पाहिली. बिहीला ते कळलं, आणि हात लपवायला त्याच्याकडे वेळ नव्हता.

ऊन माथ्यावरच्या एकट्या दगडावर येऊन टेकलं. अख्खी दुपार ज्यानं सूर्याला ढकललं, तो आता दगडाकडे बघत होता आणि मनात म्हणत होता, जरा थांब, अजून एक फेरी. दगड लाल झाला. मग करडा झाला. सी दाऊदांनी मांडीवरची टरफलं झटकली आणि ते उठून मशिदीकडे गेले. गाणं ज्या फेरीत होतं ती फेरी लोकांनी पुरी केली, आणि बांग सुरू झाली. बिहीनं तारेवर हात ठेवला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. बांग चालू असताना वाजवत नाहीत.

नमाजनंतर मास्तरांच्या अंगणात ताटं मांडली. चहाची परात रीतीप्रमाणे मानाच्या पाहुण्यापुढे आली, कारण चहा त्यानंच करायचा. किटली, पुदिना, निळ्या कागदातला साखरेचा सुळका, आणि पितळी हातोडी. पलीकडे बायकांमधून तुदा सवयीनं उठू लागली. बिहीनं तिला नजरेनं बसवलं. सुळका उजव्या हातानं उचलून त्यानं हम्मूपुढे ठेवला.

"फोड," तो म्हणाला. "माझी डाव्या हाताची दोन बोटं हिवाळ्यापासून कामावर येत नाहीत."

ज्याला बिही भीत होता तो क्षण हाच. हम्मूनं हातोडी घेतली, कागद सोलला.

"ते मला पहिल्या सलामालाच कळलं," तो म्हणाला. "पेला ठेवतोस, हात देतोस, पेला उचलतोस. मला वाटलं आता हा चहा आयुष्यभर संपवणार नाही. पण सूर्याचं काय झालं तुझं? कोणत्या गावचा म्हणायचा तू?"

सगळं अंगण हसलं. बिहीही हसला, आधी ओठांनी, मग पोटातून. मास्तरांना सूर्याची भानगड कळली नव्हती, म्हणून त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि ती बिहीची तेरावी गोष्ट झाली. सांगता सांगता त्यानं उजव्या हातानं किटली खांद्याइतकी उंच नेली आणि चहाची बारीक धार पेल्यात सोडली. डावा हात परातीच्या काठावर उघडा पडला होता.

हम्मूनं साखर मात्र जास्तच फोडली होती. चहा इतका गोड झाला की जेवण संपेपर्यंत त्याला सगळ्यांची बोलणी खावी लागली.